'स्लो आहे' म्हणजे नेमकं किती? हिरव्या स्क्रीनची उलटतपासणी

संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "सिस्टीम स्लो आहे." क्लस्टर स्लो, सर्व्हर स्लो, नेट स्लो. बोलणाऱ्याला त्रास होतोय हे खरं, पण हे निरीक्षण नव्हे, ही तक्रार झाली. तक्रारीतून मोजता येईल असा प्रश्न कसा काढायचा, हे आज बघू. उदाहरण मुद्दाम प्रयोगशाळेच्या बाहेरचं घेतेय. कारण एक तर ते छोटं आहे, आणि दुसरं म्हणजे ठाण्यात बीएस्सी-एमएस्सी करून वागळे इस्टेट नाहीतर ऐरोली-महापेला सपोर्टच्या नोकरीला लागलेल्यांना ते रोज दिसतं.

कल्पना करा, टेंभी नाक्यावर पहिल्या मजल्यावर एक मालवाहतुकीचं ऑफिस आहे. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माउसचं काही काम नाही, सगळं एंटर आणि एफ-कीजवर. समोर बसलेल्या ताई बिल्ट्या फोडतायत. गोदाम भिवंडीला, आणि ज्या मशीनवर हे सगळं चालतं ते महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये. मशीन आयबीएमचं एएस/४००, किंवा त्याचा आजचा वंशज. एका बिल्टीला सहा स्क्रीन लागतात आणि प्रत्येक एंटरनंतर पाच सेकंद जास्तीचे जातात असं धरू. म्हणजे बिल्टीमागे तीस सेकंद. दिवसाला दोनशे बिल्ट्या असतील तर सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. अवजड गाड्यांना शहरातून जायला ठरावीक वेळ असते. ती चुकली की गाडी गोदामाबाहेर उभी, आणि बोलणी खाणार त्या ताई. "टायपिंग हळू आहे" हा शेरा अशा वेळी फार सहज मारला जातो. तेव्हा कारण शोधणं ही नुसती तांत्रिक हौस नाही, कुणावर तरी चुकीचा ठपका बसू नये एवढं त्यात आहे.

आधी ओळख करून देते. एएस/४०० बाजारात आलं जून १९८८ मध्ये. नावं बदलत गेली (आयसिरीज, सिस्टीम आय, आता पॉवर सर्व्हरवर चालणारी 'आयबीएम आय' ही प्रणाली), पण जुने प्रोग्राम आजही चालतात. याला मिडरेंज म्हणतात, म्हणजे मेनफ्रेमपेक्षा लहान, पीसीपेक्षा मोठं. याच्याशी बोलायची टर्मिनल ५२५० या घराण्यातली. ते घराणं तर १९७७ चं, सिस्टीम/३४ सोबत आलेलं. तेव्हा टेबलावर खरोखरचं जड टर्मिनल असायचं. आता पीसीवरचा एक प्रोग्राम त्याचं सोंग घेतो. त्यालाच टर्मिनल इम्युलेटर म्हणतात. जुन्या खास केबलऐवजी संवाद टेलनेटवरून जातो, साधा असेल तर पोर्ट २३, सुरक्षित असेल तर ९९२.

मशीन दूर आणि खिडकीवर नुसतं टर्मिनल, ही रचना आपल्याकडे नवी नाही. रेल्वे आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यात संगणकावर गेलं तेव्हा सीएमसी या सरकारी कंपनीची 'इम्प्रेस' प्रणाली व्हॅक्स मशीनवर चालायची. तात्काळच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही एका स्क्रीनला लागणाऱ्या सेकंदांची किंमत समजावून सांगायला नको.

पहिला संशयित: 'नेट वाढवून घ्या'

ऑफिसात काहीही स्लो झालं की पहिला उपाय ठरलेला: लाइन मोठी घ्या. तो करण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन्सिल घ्या.

५२५० ची नेहमीची स्क्रीन २४ ओळी आणि ८० रकाने, म्हणजे १९२० अक्षरं. रंग-रकान्यांच्या सूचना धरून दोन किलोबाइट समजा, म्हणजे साधारण १६,००० बिट. पूर्वीच्या ९६०० बिट प्रतिसेकंद लाइनवर हे यायला पावणेदोन सेकंद लागले असते. तिथे 'लाइन मोठी घ्या' हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण आज ऑफिसात १० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. त्यावर तीच स्क्रीन १.६ मिलिसेकंदात येते. १०० एमबीपीएस घेतलं तर ०.१६ मिलिसेकंदात. वाचले किती? दीड मिलिसेकंदाहून कमी. आपल्याला शोधायचेत पाच हजार. या एका गुणाकार-भागाकाराने लाइनच्या क्षमतेचा संशय जवळपास बाद होतो. (जवळपास, कारण लाइन दुसऱ्याच कुणी भरून टाकली असेल तर गोष्ट वेगळी. तिकडे पुढे येते.)

मग अंतर? प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. टेंभी नाका ते महापे तार फिरून फिरून वीस किलोमीटर धरली तरी जाऊन येऊन ०.२ मिलिसेकंद. हेच मशीन न्यूयॉर्कला असतं तर? सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन कमीत कमी १२५ मिलिसेकंद, प्रत्यक्षात समुद्राखालच्या तारांचे फेरे धरून दोनशेच्या वर. हे कुणीही पैसे टाकून कमी करू शकत नाही. वागळे इस्टेटमध्ये बसून अमेरिकेतलं एएस/४०० सांभाळणाऱ्यांना हा आकडा अंगवळणी पडलेला असतो.

इथे ५२५० ची एक खुबी कामाला येते. या टर्मिनलवर तुम्ही टाइप करता ती अक्षरं मशीनकडे जातच नाहीत. ती पीसीवरच साठतात आणि एंटर किंवा एफ-की दाबली की सगळा फॉर्म एका दमात जातो. तोवर कीबोर्ड लॉक, खालच्या ओळीत 'एक्स'. म्हणून अंतर दोनशे मिलिसेकंदांचं असलं तरी त्रास एका स्क्रीनला एकदाच होतो. याउलट तुम्ही-आम्ही वापरतो ते एसएसएच: तिथे साधारणपणे प्रत्येक अक्षर दूरच्या मशीनला जाऊन परत येतं तेव्हा ते दिसतं. त्यामुळे एक चाचणी फुकटात मिळते. ५२५० वर एका स्क्रीनच्या आत टाइप करतानाच अक्षरं अडखळत उमटत असतील, तर नेटवर्क आणि महापेचं मशीन दोघंही निर्दोष. त्या ताईंचा पीसी तपासा. त्यावरचा अँटीव्हायरस आधी.

मोजायचं कसं

मोबाइल स्टँडला लावा आणि स्क्रीन व कीबोर्ड एकत्र दिसतील असा व्हिडिओ काढा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद. एंटर दाबल्याची फ्रेम आणि नवी स्क्रीन आल्याची फ्रेम मोजा. स्टॉपवॉचपेक्षा कितीतरी बरं, आणि कुणाची परवानगी-लायसन्स लागत नाही.

वीस वेळा मोजा आणि कृपा करून लगेच सरासरी काढू नका. समजा अठरा वेळा ०.२ सेकंद आणि दोन वेळा ५.२ सेकंद लागले. सरासरी येते ०.७. हा आकडा एकदाही घडलेला नाही! तो अहवालात लिहिला तर वाचणारा 'थोडंसं हळू आहे' असं समजेल, जेव्हा खरी गोष्ट अशी आहे की मशीन छान चालतं आणि मधूनच कुणीतरी पाच सेकंद अडवतं. दोन वेगळ्या ढिगांची कारणंही बहुधा वेगळी असतात. सगळे वीस आकडे ओळीने लिहा, वेळेसकट.

पुढची पायरी वायरशार्क. इथे मात्र परवानगी घ्याच, लेखी. साध्या टेलनेटवर हाताने टाइप केलेला पासवर्ड उघडाच जातो. त्याचं एबसीडिक नावाचं अक्षर-कोष्टक वेगळं असतं एवढंच, कुलूप नव्हे. पोर्ट ९९२ असेल तर मजकूर दिसत नाही, पण वेळा दिसतात, आणि आपल्याला वेळाच हव्यात.

एका एंटरमध्ये तीन क्षण शोधा. ऑफिसातून पॅकेट निघालं, तो क. मशीनकडून 'मिळालं' अशी पोच आली, तो ख. नवी स्क्रीन आली, तो ग. क ते ख हा रस्त्याचा वेळ, ख ते ग हा मशीनच्या कामाचा. एवढ्यावर अर्धी भांडणं मिटतात. फक्त एक मेख आहे. टीसीपीमध्ये पोच मुद्दाम थोडी रोखायची पद्धत आहे, उत्तराबरोबरच पाठवता आली तर एक पॅकेट वाचतं म्हणून. त्यामुळे क ते ख फुगलेला दिसू शकतो, किंवा ख आणि ग एकाच पॅकेटात येतात. म्हणून रस्त्याचा खरा वेळ कनेक्शन उघडतानाच्या पहिल्या देवाणघेवाणीवरून घ्या (सिन पाठवल्यापासून सिन-ॲक येईपर्यंत). तिथे रोखारोखी नसते. मोजमापाच्या साधनाचं स्वतःचं वागणं आधी तपासायचं, हे तुम्ही प्रयोगशाळेत करताच. इथे पोच हे ते साधन.

आकड्यांवरून चोर ओळखणं

मला या सगळ्यातला सर्वांत मजेचा भाग हा वाटतो. उशिराचा आकडा स्वतःच बरंच सांगतो.

गोल आकडा आला, नेमके पाच किंवा दहा सेकंद, प्रत्येक वेळी तेवढेच, की समजा कुणीही काम करत नाहीये. कुणीतरी कुणाची तरी वाट बघून कंटाळतंय. मशीनला प्रत्यक्ष कामाला लागणारा वेळ असा गोल कधी नसतो; गोल आकडे माणसं सेटिंगमध्ये लिहितात. यातला नेहमीचा आरोपी डीएनएस. पीसी मशीनचं नाव शोधतो, आणि काही वेळा उलट मशीनही 'हा आलाय त्या पत्त्याचं नाव काय' म्हणून विचारायला जातं. यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर कधीचा बंद पडलेला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत सगळे गप्प. याचं लक्षण: साइन-ऑनची स्क्रीन यायला वेळ, एकदा आत गेलं की सगळं झकास. चाचणी दोन भागांत. इम्युलेटरमध्ये नावाऐवजी थेट आयपी पत्ता टाका. उशीर गेला तर दोष पीसीच्या बाजूचा. नाही गेला तर मशीनच्या बाजूने बघा: टीसीपी/आयपीच्या सेटिंगमध्ये कोणते डीएनएस सर्व्हर लिहिलेत, ते जिवंत आहेत का. ऑफिसच्या पीसीचा पत्ता मशीनच्या होस्ट टेबलमध्ये तात्पुरता टाकून फरक पडतो का, हेही बघता येतं.

एक, दोन, चार, आठ अशी दुप्पट होत जाणारी प्रतीक्षा दिसली तर पॅकेट हरवतंय आणि टीसीपी ते पुन्हा पुन्हा पाठवतंय. दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करायचा, हा त्याचा नियमच आहे. आणि ४० किंवा २०० मिलिसेकंदांच्या आसपासचा चिकट उशीर दिसला तर वर सांगितलेली रोखलेली पोच आणि जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचवलेली 'छोटी पॅकेट साठवून पाठवा' ही युक्ती एकमेकांत अडकल्यात. हा म्हणतो पोच आली की पुढचं पाठवतो, तो म्हणतो पुढचं आलं की पोच देतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शहाण्या आहेत. उपाय म्हणजे त्या कनेक्शनपुरती नेगलची युक्ती बंद करणं.

आता माझा आवडता गुन्हा. साइन-ऑन ठीक, मेनू ठीक, बिल्टीचा छोटा फॉर्मही ठीक. पण 'आजच्या सगळ्या बिल्ट्या' ही यादी मागितली की एक्स येऊन बसतो, तो हलतच नाही. सगळे म्हणतात, यादीचा प्रोग्राम खराब आहे, क्वेरी जड आहे. पटण्यासारखंच आहे ते! पण दुसरीही शक्यता आहे. इथरनेटचं पॅकेट १५०० बाइटचं. ऑफिस ते महापे व्हीपीएन असेल तर त्याचं वेष्टण त्यातले काही बाइट खातं. मोठं पॅकेट मावत नाही. रस्त्यातल्या राउटरने 'मोठं आहे, लहान करून पाठव' असा निरोप उलट द्यायचा असतो, आणि कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर तो निरोपच बंद केलेला असतो. पुलाखाली उंचीचा अडथळा लावलाय पण पाटी काढून टाकलीय, असा प्रकार. छोट्या गाड्या जातात, उंच ट्रक अडकतो, आणि मागे कुणालाच कळत नाही का. छोटा फॉर्म एका लहान पॅकेटात मावतो, भरगच्च यादी मावत नाही, म्हणून दोष यादीवर.

दोन्ही कारणांनी दिसणारं लक्षण एकच, तर फरक पाडणारा प्रयोग हवा. विंडोजवरून 'तुकडे करू नको' असं सांगून १४७२ बाइटचा पिंग पाठवा (वरचे २८ धरून १५०० होतात). उत्तर नाही आलं तर आकडा कमी करत जा. १४०० च्या खाली कुठेतरी उत्तरं यायला लागली, तर क्वेरीची काही चूक नाही. आणखी एक: त्याच यादीत जेमतेम तीन ओळी येतील अशी तारीख टाका. क्वेरी साधारण तीच, स्क्रीन रिकामी. आता झटकन आली तर संशय पॅकेटच्या आकाराकडे वळतो.

इथरनेट कार्ड आणि स्विच यांच्यातला डुप्लेक्सचा बेबनाव याचा चुलतभाऊ आहे. एका बाजूने सेटिंग हाताने पक्कं केलेलं, दुसरी बाजू 'ऑटो'. ऑटोवाली गोंधळून हाफ डुप्लेक्सवर उतरते. एकट्या-दुकट्या पिंगला काही होत नाही, गर्दी वाढली की टकरी. जुन्या मशीनवर लाइनचं सेटिंग आणि स्विचवरचे टकरींचे आकडे बघितले की सापडतं.

संध्याकाळीच का?

"संध्याकाळी पाचनंतर स्लो होतं" ही तक्रार अवघड, कारण संध्याकाळी पाचला एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात. महापेच्या मशीनवर दिवसअखेरीचे बॅच जॉब सुरू होतात. ऑफिसात सीसीटीव्हीचा नाहीतर टॅलीचा बॅकअप वर चढायला लागतो आणि राउटरमध्ये रांग लागते. ताईंचं छोटंसं पॅकेट त्या रांगेत शेवटी. ऑफिसची लाइन पडून सगळं मोबाइल डाँगलवर चालू असेल तर टेंभी नाक्याच्या देवीला नवरात्रात होणारी गर्दीही तोच टॉवर वापरते. घड्याळ यांतल्या कुणालाच वेगळं काढत नाही.

वेगळं काढायचं तर तुलनेसाठी दुसरं ठिकाण हवं. त्याच मिनिटाला भिवंडीच्या गोदामातून तीच स्क्रीन मोजा. दोन्हीकडे उशीर असेल तर मशीन किंवा डेटा सेंटरची लाइन. फक्त टेंभी नाक्यावर असेल तर ऑफिसची लाइन. बरोबरीने दिवसभर पिंग चालू ठेवा आणि फाइलमध्ये लिहून घ्या. पिंग ५ मिलिसेकंदांवरून ४०० वर गेला तर रांग रस्त्यात आहे. पिंग शांत आणि स्क्रीन मात्र हळू, तर मशीनकडे वळा.

मशीनवर दोन पडदे बघायचे: वर्क ॲक्टिव्ह जॉब (कोण किती सीपीयू खातंय) आणि वर्क सिस्टीम स्टेटस (मेमरीच्या कोणत्या पूलमध्ये पेज फॉल्ट वाढलेत). साधारण रचनेत इंटरॲक्टिव्ह जॉबची प्राधान्यता २० आणि बॅचची ५०, आकडा लहान तो पुढे. त्यामुळे सीपीयूपुरतं बॅच जॉब ताईंना अडवत नाही. पण दोघं एकाच मेमरी पूलमध्ये असतील तर बॅच जॉब त्यांची पानं बाहेर ढकलतो, आणि प्रत्येक एंटरला ती डिस्कवरून परत आणावी लागतात. सीपीयू निवांत दिसत असतानाही स्क्रीन रखडते ती अशी.

आणि एक कारण असं, जे ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षं आयबीएम या मशीनच्या काही मॉडेलवर हिरव्या स्क्रीनच्या कामाची क्षमता वेगळी विकायची. प्रोसेसर तोच, पण ५२५० साठी जेवढी क्षमता विकत घेतली त्याच्या पुढे वापर गेला की 'सीएफइंट' नावाची सिस्टीम टास्क जागी व्हायची आणि सीपीयू स्वतःच खात बसायची, म्हणजे हिरव्या स्क्रीनचं काम मंदावेल. बिघाड नव्हे, रचनाच तशी. नेटवर्कवाला तारा बदलतोय, प्रोग्रामर क्वेरी सुधारतोय, आणि कारण विक्रीच्या करारात! असं जुनं मशीन अजून चालवणारं ऑफिस भेटलं तर सिस्टीम ॲक्टिव्हिटीच्या पडद्यावर हे नाव शोधा. ज्या प्रणालीचा अभ्यास करताय तिची कागदपत्रं वाचायला मी सारखी सांगते, ते अशा गोष्टींसाठी.

एवढ्या मिलिसेकंदांची खरंच गरज आहे का, असं वाटेल. आयबीएमचेच वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडाणी यांनी १९८२ मध्ये यावर लिहिलं होतं: प्रतिसाद एका सेकंदाच्या खाली गेला की माणसाचं काम वाचलेल्या वेळेच्या हिशेबापेक्षा जास्त वाढतं, कारण डोक्यातली साखळी तुटत नाही. ताईंना हे न वाचताही माहीत असतं.

तुमच्या क्लस्टरवर हेच

उद्या तुम्ही ठाण्याच्या घरातून पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मवर एसएसएचने जाल, तेव्हा लक्षणं हीच असतील. पासवर्ड विचारायलाच गोल दहा सेकंद लागतात? आधी डीएनएस. आत गेल्यावर प्रत्येक अक्षर अडखळतं? रस्ता, किंवा लॉगिन नोडवर कुणीतरी अख्खं पायथन गणित चालवतंय. पिंग आणि 'टॉप' एकाच वेळी बघा. फक्त फाइलींची यादी मागितली की अडतं? एका फोल्डरमध्ये पन्नास हजार छोट्या फाइली ठेवल्या असतील, आणि रंगीत यादी दाखवायला प्रत्येक फाइलची माहिती वेगळी मागवली जातेय. रंग बंद करून तीच यादी पुन्हा मागवा. मोठी फाइल स्क्रीनवर ओतली की कनेक्शन गोठतं पण छोट्या कमांड चालतात? ते तुम्ही आता स्वतः ओळखाल, १४७२ पासून सुरू करा.

ॲडमिनला मेल लिहाल तेव्हा "क्लस्टर स्लो आहे" असं लिहू नका. तारीख, वेळ, कुठून, कोणती कृती, वीस आकडे, पिंगचा आकडा, आणि काय बदलल्यावर फरक पडला किंवा पडला नाही, एवढं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि उपाय लागू पडला असं वाटलं की तो काढून उशीर परत येतो का तेही बघा. परत नाही आला तर मेल अजून पाठवू नका.